‘कुठंतरी’ म्हणजे नेमकं कुठं?

घराचं काम काढलं की मलबा निघतो. ट्रॉली भरते, गल्लीच्या कोपऱ्यावरून वळते आणि आपल्यापुरता विषय संपतो. यंदा मी त्या ट्रॉलीच्या मागं स्कूटी घातली. लातूर-नांदेडातल्या आपल्या मोडलेल्या भिंती जातात तरी कुठं?

आमच्या घराचं काम निघालं ते मे महिन्यात. लातूरमध्ये मे महिन्यात काम निघालं यात नवल काहीच नाही. जूनमध्ये नीट-जेईईच्या नव्या बॅचेस सुरू होतात. गावोगावची पोरं-पोरी बॅगा घेऊन उतरतात आणि त्याआधी निम्म्या शहराला वरच्या मजल्यावर दोन खोल्या वाढवायच्या असतात. मोठ्या हॉलचे दोन कप्पे करायचे, प्रत्येक खोलीला अटॅच बाथरूम काढायचं, जुनी शहाबादी फरशी उचकटून चकचकीत टाइल्स बसवायच्या. तुम्ही शिकायला लातूर-नांदेडात खोली करून राहत असाल, तर तुमची खोलीही अशाच एखाद्या उन्हाळ्यात तयार झाली असणार.

गुत्तेदार काका आले, टेपनं मापं घेतली, पाटावर बसून हिशोब मांडला. "भिंत पाडायचे इतके, फरशी काढायचे इतके, मलबा उचलायचं वेगळं."

पप्पांनी विचारलं, "टाकणार कुठं?"

"टाकू की कुठंतरी."

पप्पांनी मान हलवली. चहा आला. विषय संपला. टाइल्स कुठल्या कंपनीच्या, नळ कुठले, रंग कुठला यावर मात्र घरात पुढचे आठ दिवस चर्चा चालली. माझ्या डोक्यात तो ‘कुठंतरी’ अडकून बसला. कारण आमच्या घरातल्या याआधीच्या मलब्याचा ‘कुठंतरी’ मला पक्का माहीत होता. तो आमच्याच अंगणात आहे.

आमच्या आडाची गोष्ट

आमचं घर गोलाईच्या मागच्या जुन्या वस्तीतलं. मागच्या अंगणात आड होता. २०१२ मध्ये स्वयंपाकघर पाडून नवीन बांधलं तेव्हा मी पहिलीत होते. ट्रॅक्टर गल्लीत शिरत नव्हता, आणि टोपल्यांनी मलबा रस्त्यापर्यंत वाहून न्यायचा तर मजुरी दुप्पट. मग कुणीतरी म्हणालं, आड तसाही कोरडा पडलाय, लेकरं खेळता खेळता पडतील, त्यातच टाकून द्या. दोन दिवसांत आड भरला. वरून कोबा केला. आता त्यावर पप्पांची गाडी उभी असते.

पुढं काय झालं ते लातूरच्या प्रत्येक घराला पाठ आहे. २०१६ चा उन्हाळा. मी चौथीत होते. टँकर कधी येणार यावर घराचं वेळापत्रक चालायचं. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश निघाला होता. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. देशभरच्या टीव्हीवर लातूर दिसलं. आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो.

आता खरं सांगायचं तर आमचा आड असता तरी त्या वर्षी त्यात पाणी नसतंच. जिथं बोअर आटले होते तिथं आडाची काय कथा! पण पुढच्या पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी सोडायला ती जागा असती. बोअरशेजारी शोषखड्डा घ्या, पुनर्भरण करा, असं आज सगळेच सांगतात. आमच्या अंगणात तो खड्डा कुणीतरी आधीच खोदून, दगडांनी बांधून ठेवला होता. ट्रॉलीचं भाडं वाचवायला आम्ही तो विटांच्या तुकड्यांनी बुजवला.

म्हणून यंदा ठरवलं, मलबा जातो कुठं ते बघायचंच.

ट्रॉलीच्या मागं

पहिली ट्रॉली सकाळी दहाला भरली. ड्रायव्हर मामांनी ट्रॅक्टर सुरू केला, मी मागं स्कूटी. मला वाटलं होतं गावाबाहेर कुठंतरी लांब जावं लागेल. वीस मिनिटांत ट्रॅक्टर थांबला. रिंग रोडला लागून एक नाला आहे. त्याच्या काठावर आधीपासूनच ढीग होते. मामांनी ट्रॉली मागं घेतली, फाळका काढला, आणि आमची भिंत नाल्याच्या उतारावर घसरत गेली.

"मामा, इथं टाकायलाव?"

"मग काय घरी नेऊ?"

ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. मग ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून त्यांनी मला सगळं गणित समजावलं. पैसे मिळतात खेपेवर. मालक म्हणतो उचल, कुठं टाक ते सांगत नाही. गुत्तेदार म्हणतो लवकर ये, पुढची भरून ठेवलीय. लांब गेलं तर डिझेल मामांच्या खिशातून आणि दिवसाच्या खेपाही कमी. जितकं जवळ टाकलं तितका फायदा. "तुमच्या घरच्यांनी एवढं जरी सांगितलं असतं की अमुक ठिकाणी टाका, तर भाडं वाढवून घेतलं असतं अन् टाकलं असतं. मला काय नाल्याशी दुश्मनी हाय का?"

मला उत्तर सुचलं नाही. मामांना दोष द्यावा असं काही राहिलंच नाही. ‘कुठंतरी’ हा शब्द त्यांनी शोधलेला नव्हता. तो आमच्या घरात, चहा पिता पिता ठरला होता.

ढिगाऱ्याकडे नीट बघितलं. फुलांची नक्षी असलेलं पीओपीचं छत, तुटका कमोड, सनमायका, रंगाचे रिकामे डबे, कुणाच्या तरी बाथरूमचा गुलाबी गिलावा. मधूनच भाजीचा कचरा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. मलब्याचा पहिला ढीग पडला की दुसऱ्याला वाटतं, ही टाकायचीच जागा आहे. मग घरातला कचरा येतो, मग लग्नातल्या पत्रावळ्या, मग कुणीतरी ते पेटवून देतं. हा क्रम तुमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवरही तुम्ही पाहिला असेल.

एक भिंत, एक फरशी, एक ट्रॉली

घरी येऊन मी कॅल्क्युलेटर काढला. दहा फूट बाय दहा फूट, चार इंची विटांची साधी भिंत. दोन्ही बाजूंचा गिलावा धरला तर तिचं वजन दोन टनांच्या वर जातं. त्याच खोलीची फरशी आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा थर काढला तर आणखी जवळपास एक टन. शिवाय उभी भिंत जेवढी जागा घेते, त्याच्या दीडपट जागा तिचे तुकडे घेतात. म्हणजे एका छोट्या खोलीची एक भिंत आणि एक फरशी मिळून साधारण ब्रासभर मलबा, म्हणजे १०० घनफूट. एक ट्रॉली भरली.

आमच्या कामाच्या सात खेपा होणार होत्या. आता आपापल्या गल्लीत यंदा किती घरांची कामं निघाली ते मोजा. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती, लातूरची तीन लाख ऐंशी हजारांच्या वर. त्यानंतर दोन्ही शहरं किती वाढलीत ते आपल्याला दिसतंच. यातली प्रत्येक वाढीव खोली आधी काहीतरी पाडून झालेली आहे.

नाल्यातून पुढं

मलबा सडत नाही, त्याला वास येत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण तो जागा अडवतो, आणि नाल्यात जागाच महत्त्वाची असते. काठावरून घसरलेल्या विटा तळाशी बसतात, त्यांच्यात प्लॅस्टिक अडकतं, त्यावर गाळ साचतो. वर्षभर कुणाला काही कळत नाही. एका जोरदार पावसात दोन तासांत कळतं, आणि ते सगळ्यात आधी नाल्याकडेच्या पत्र्याच्या घरांना कळतं. खोली वाढवली आम्ही, पाणी शिरलं त्यांच्या घरात.

नांदेडच्या मैत्रिणीला फोन केला. ती जुन्या नांदेडात राहते, नदीपासून फार लांब नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडे नाला तरी आहे. आमच्याकडे डायरेक्ट गोदावरी." नदीकाठची सखल जमीन म्हणजे पुराच्या पाण्याची हक्काची जागा. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की पाणी तिथं पसरतं आणि दोन दिवसांनी ओसरतं. त्याच जमिनीवर मलब्याचा भराव टाकून प्लॉट उंच केला की पाणी जायचं कुठं? शेजारच्या, उंच न केलेल्या घरात.

ती पुढं एक बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या भिंतींतली वाळू कुठून येते? गोदावरीतून, मांजरेतून. वाळूसाठी नदीपात्र खरवडतो, तिची भिंत बांधतो, वीस वर्षांनी ती पाडतो आणि सिमेंटमध्ये चिकटलेली तीच वाळू नदीकाठी नेऊन टाकतो. नदीला ती परत मिळाली असं काही म्हणता येत नाही.

आम्हा लातूरकरांचं तर आणखी वेगळं. त्या रेल्वेच्या वर्षी लोकांनी वर्गणी काढून मांजरेचं खोलीकरण, रुंदीकरण केलं. माझ्या शाळेनंही पैसे गोळा केले होते, मी खाऊचे पैसे दिले होते. गाळ काढायला वर्गणी देणारे आम्हीच आणि मांजरेकडे जाणाऱ्या नाल्यात ट्रॉली ओतणारेही आम्हीच.

"आमच्या टायमाला मलबा नव्हताच"

हे सगळं जेवताना बोलले तर आजी म्हणाली, "आमच्या टायमाला मलबा नव्हताच." मला वाटलं, आजींचं नेहमीचं. पण तिनं सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं.

तिचं माहेर औशाकडचं. घर माळवदाचं. मातीत रचलेल्या दगडाच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. असं घर पाडलं की त्याचे भाग सुटे व्हायचे. दगड नव्या भिंतीत जायचा. सागवानी तुळई भावाच्या घराची चौकट व्हायची. पांढरी माती पुन्हा माळवदावर, नाहीतर शेतात. गाव वसतं ती पांढरी आणि पिकतं ती काळी. जुन्या वस्तीची पांढरी काळीत टाकली की पीक चांगलं येतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. पाडलेल्या घराला गिऱ्हाईक असायचं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मात्र लातूर जिल्ह्यात कुणी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेश विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात त्याच जाड भिंती आणि वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेलेली तीच माळवदं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. आजी अजूनही ‘ढिगारा’ हा शब्द सहज उच्चारत नाही. घरं हलकी आणि पक्की व्हायलाच हवी होती. आणि आज ती पाडताना-जोडतानाही हे विसरायला नको: खोली मोठी करायला कुठलीही भिंत पाडायच्या आधी तिच्यावर वरचा भार आहे का, हे इंजिनिअरला विचारायचं. मिस्तरीच्या अंदाजावर ही गोष्ट सोडायची नाही.

मुद्दा एवढाच, की मातीत रचलेला दगड सुटा होतो आणि सिमेंटमध्ये बसवलेली वीट फुटूनच निघते. टाइल खालच्या थरासकट उखडते. आजच्या घराचे भाग आपोआप वेगळे होत नाहीत, ते वेगळे करावे लागतात. तेही पाडतानाच. एकदा सगळं एकत्र ट्रॉलीत पडलं की त्याचा मलबा झाला.

कायदा काय म्हणतो?

पाण्याची रेल्वे लातूरला यायच्या दोन आठवडे आधी, २९ मार्च २०१६ ला, केंद्र सरकारनं बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम काढले. त्याआधी हा विषय शहरी कचऱ्याच्या नियमांतच एका कोपऱ्यात होता. २०१६ च्या त्या नियमांनुसार मलबा ज्याच्या घरातून निघतो, जबाबदारी त्याची. तो वेगळा साठवायचा, रस्त्यावर, सार्वजनिक जागेत किंवा गटारात टाकायचा नाही, ठरवून दिलेल्या ठिकाणी स्वतः पोचवायचा किंवा शुल्क भरून उचलायला लावायचा. ती ठिकाणं ठरवणं, तिथं साठवणुकीची सोय करणं आणि साठलेला मलबा प्रक्रियेसाठी नेणं हे महापालिका-नगरपालिकांचं काम.

२०१६ च्या नियमांत मोठ्यांसाठी अटी आणखी कडक होत्या. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा काढणाऱ्यांनी काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-गिलावा असे चार भाग वेगळे करायचे. २०२५ मध्ये याच विषयाचे नवे नियम जाहीर झाले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर मलब्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे.

आमची खोली यात कुठंच मोठी नाही. महिन्याला ३०० टन सोडा, आमच्या सात ट्रॉल्या तीस टनांच्या आतल्या. पण शहरातला मलबा अशाच सात-सात ट्रॉल्यांनी बनतो, आणि त्यांचा हिशोब कुणाच्याच वहीत नसतो.

मलबा घंटागाडीत का देत नाहीत, हा प्रश्न मलाही होता. लातूरचा कचरा वरवंटीला जातो, नांदेडचा तुप्प्याला. तिथं ओल्याचं खत करायचं असतं, सुका वेगळा काढायचा असतं. त्यात विटा आणि काच मिसळली की खतही बिघडतं आणि यंत्रंही. पीओपीचं तर आणखी त्रासदायक. ते जिप्सम असतं. ओल्या कचऱ्याखाली हवेविना दबलं की त्यातून सडक्या अंड्यासारखा वास मारणारा विषारी वायू तयार होतो.

पाच ढीग

दोन ट्रॉल्या नाल्यावर गेल्यानंतर आमच्या घरात छोटं भांडण झालं. गुत्तेदार काकांचं म्हणणं, वेगळं करत बसलो तर दोन दिवस वाढतील. पप्पांचं म्हणणं, एक तारखेला पोरं राहायला येणार. आजीनं एकच वाक्य टाकलं, "मागच्या बारीला आड बुजवला. आता काय बुजवणार?" काम थांबलं. मग आम्ही अंगणात पाच ढीग केले.

शहाबादी फरशी मजुरांनी पहारीनं हळू उचलली तर निम्म्याहून जास्त अख्खी निघाली. मामाच्या गावाकडं गोठ्याला ती हवीच होती. दुसरा ढीग सळया, पत्रे, नळ आणि वायरचा. भंगारवाला स्वतः येऊन पैसे देऊन गेला. तिसरा ढीग चौकटी, दरवाजे आणि खिडक्यांचा. जुनं सामान घेणाऱ्यानं दोन चौकटी उचलल्या.

चौथा ढीग सगळ्यात मोठा, विटांचे तुकडे, काँक्रीट आणि गिलाव्याचा. त्याला गिऱ्हाईक मिळेल असं वाटलं नव्हतं. पण आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून घर बांधताना लोक जोत्यात काळी माती काढून मुरूम भरतात. ओळखीच्या एकांचं जोतं भरायचं चाललं होतं. त्यांनी अट घातली: लाकूड नको, वाळवी लागते. प्लॅस्टिक नको, पीओपी नको. ते आम्ही आधीच वेगळं काढलेलं होतं. त्यांच्या इंजिनिअरनं बघून होकार दिला आणि चार ट्रॉल्या तिकडं गेल्या. भाड्याचे पैसे निम्मे-निम्मे.

पाचवा ढीग उरला, कुणालाच नको असलेला. पीओपी, फुटक्या टाइल्स, सनमायका, कमोड. आमच्या भागाच्या स्वच्छता निरीक्षकांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मिसळलेला आहे का वेगळा?" वेगळा आहे म्हटल्यावर कुठं आणायचा ते सांगितलं. तिथं मामाच ट्रॉली घेऊन गेले. लांब पडलं, भाडं जास्त पडलं, ते आम्ही दिलं. रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट मात्र त्यात घातल्या नाहीत. तो घातक कचरा, त्याचं वेगळं द्यावं लागतं.

सातपैकी दोन ट्रॉल्या नाल्यावर गेल्या त्या गेल्याच. बाकीच्या पाचांमधली एकच ट्रॉली टाकावी लागली. काम दोन दिवस लांबलं. पोरं तीन तारखेला राहायला आली. आभाळ कोसळलं नाही.

मलब्याचं पुढं काय होऊ शकतं?

दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये मलब्यावर प्रक्रिया करणारा देशातला पहिला प्रकल्प सुरू झाला. आपल्या राज्यात पुण्याला वाघोलीत असा प्रकल्प आहे. मुंबई महापालिकेनं दहिसर आणि शिळफाट्याला दोन प्रकल्प उभे केले. प्रत्येकाची क्षमता रोज ६०० टनांची. तिथं आमच्यासारख्या छोट्या कामवाल्यांसाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ आहे. फोन करायचा, शुल्क भरायचं, पालिकेची गाडी मलबा नेते.

प्रकल्पात जादू काही नसते. लोखंड चुंबकानं ओढून घेतात, लाकूड-प्लॅस्टिक वेगळं काढतात, उरलेलं क्रशरमधून काढून धुतात, चाळतात. त्यातून वाळू, खडी, पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या कडेचे दगड तयार होतात. ही खडी कच्ची असते असं वाटत असेल, तर आयएस ३८३ हे भारतीय मानक बघा. २०१६ च्या आवृत्तीपासून त्यात जुन्या काँक्रीटच्या खडीला जागा आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये तर पूर्ण १०० टक्के.

आता सिव्हिलच्या पोरांनो, हे तुमच्यासाठी. नांदेडला विष्णुपुरीत एसजीजीएस आहे. लातूरला बिडवे इंजिनिअरिंग आहे, पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आहे. ठोकळे फोडून ताकद मोजायचं मशीन सिव्हिलच्या लॅबमध्ये असतंच. फायनल इयरला नेटवरून उचललेला प्रोजेक्ट करण्यापेक्षा आपल्याच शहरातल्या मलब्याची खडी करून तपासा. लातूरच्या विटेची, नांदेडच्या जुन्या चुन्याच्या भिंतीची खडी किती भार घेते, याचे आकडे तुमच्या हातात असतील तर पालिकेच्या इंजिनिअरसमोर बसून बोलता येईल. आणि एनएसएसवाल्यांनो, एका रविवारी आपल्या वॉर्डातले मलब्याचे ढीग मोबाइलवर मॅप करा. यादी हातात असली की निवेदनाला वजन येतं.

घरात काम काढणार? मग आधी हे करा

• गुत्तेदाराशी भाव ठरवतानाच मलबा कुठं जाणार ते ठरवा. ‘कुठंतरी’ चालणार नाही. जागेचं नाव कागदावर घ्या.

• महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या स्वच्छता विभागाला तीन प्रश्न विचारा: मलबा कुठं आणायचा, शुल्क किती, तुम्ही उचलून नेता का?

• पाडण्याआधी काढा. दारं, खिडक्या, नळ, वायर, अख्खी फरशी हे सगळं घण पडायच्या आधी बाहेर.

• विटा-काँक्रीट, लोखंड, लाकूड आणि पीओपी वेगवेगळ्या ढिगांत. रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट त्याहून वेगळ्या.

• जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू फुप्फुसात जातात. ते कोरडे फोडू नका. ओले करून, मास्क घालून, अख्खेच उतरवा.

• जुना रंग खरवडताना लहान मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडं कडक मर्यादा आली २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगाच्या भुकटीत शिसं असू शकतं.

• भरावाला मलबा देताना जागा बघून या. नाला, ओढा, नदीकाठ, जुना आड किंवा बारव असेल तर नाही म्हणा.

• शेवटची खेप टाकेपर्यंत ट्रॉलीसोबत घरातलं एक माणूस पाठवा. तुम्हीच जा. आपल्या घराची भिंत कुठं जाऊन पडते हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

वरच्या खोल्यांत आता निलंग्याच्या आणि देगलूरच्या मुली राहतात. नव्या टाइल्स, अटॅच बाथरूम. मागच्या अंगणात कोब्याला मात्र तडा गेलाय. बरोब्बर गोल. खालचा मलबा वर्षानुवर्षं दबत गेला, त्यामुळे आडाच्या काठाकाठानं कोबा फाटत आलाय. पप्पांनी गाडी थोडी बाजूला लावायला सुरुवात केली.

परवा त्यांनी गुत्तेदार काकांना बोलावून तो तडा दाखवला. आड पुन्हा उपसायचा, गच्चीचं पाणी त्यात सोडायचं, तर किती खर्च येईल? काकांनी टेप काढली, व्यास मोजला, खोली विचारली, बोटांवर हिशोब केला.

मग म्हणाले, "ते करू हो. पर निघालेला मलबा टाकायचा कुठं, ते आधी सांगा."